जर्मन, जपान आणि आईची खोली

ताईच्या गळ्यात कायम टेप असते. ती पडद्यांच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या घरी जायचं, खिडक्या मोजायच्या, रॉड कुठे येईल तिथे भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची, दुकानात येऊन कापड बेतायचं. घरी परतल्यावरही टेप काढायचं तिला भान राहत नाही. भाजी चिरताना तिचं टोक ताटात लोळतं. धाकटी बहीण म्हणते, "ताई, तुला सापानं विळखा घातलाय आणि तुला पत्ता नाही."

खिडकी नुसती पाहिली तरी तिची रुंदी ताईला कळते. माणसांच्या बाबतीत हे जमलं नाही. नवरा निवडला त्या दिवशी टेप बहुधा घरी राहिली होती.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तो गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असतो, "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" त्याला स्वतःला जगात एकच गोष्ट स्पष्ट दिसते. ती घराच्या तळमजल्यावर उभी आहे. निळसर राखाडी, चार दारांची, जर्मन.

आता अशा गाड्या बनत नाहीत, हे वाक्य ताईनं इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी ती पुढचं म्हणून दाखवेल. सहा सिलिंडर, सरळ एका रांगेत. ताकद फक्त मागच्या चाकांना. गिअर हातानं टाकायचे. टर्बो नाही, फसवाफसवी नाही. मूळ रंग, मूळ काचा, डिकीतला पानासुद्धा मूळ. दिसायला साधी कुटुंबाची गाडी, आणि पोटात वाघ. हा वाघ वर्षातल्या मोजक्या कोरड्या रविवारी पहाटे फिरायला निघायचा आणि धूळ उठायच्या आत घरी यायचा.

गाडी राहते ती जागा मुळात खोली होती. घर बांधताना ताईनं एकच हट्ट धरला होता. खाली एक खोली हवी, लागून संडास-बाथरूम हवं. आज ना उद्या कुणाला तरी जिना झेपेनासा होणार. खोली झाली. मग गाडी आली. रस्त्याकडची भिंत फुटली, शटर बसलं. बाथरूममध्ये गाडीचे शांपू आणि मेणाचे डबे आले. कमोडच्या झाकणावर मऊ ब्रश वाळत पडू लागले.

खोलीत हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र अखंड घुरघुरत असतं. भिंतीवर ओलाव्याचा काटा आहे. यंत्राखालची बादली रोज भरते, ती रोज ताई बाहेरच्या कुंडीत ओतते. एका वर्षी वरच्या मजल्यावर त्यांच्या झोपायच्या खोलीत भिंतीला ओल धरली. रंगाचे पापुद्रे उशीवर पडायला लागले.

"अहो, ते यंत्र चार दिवस वर आणायचं का?" ताईनं विचारलं.

"अगं, ते नाजूक वस्तूंसाठी असतं," नवरा म्हणाला.

तो हे रागावून म्हणाला नाही. समजावून म्हणाला. म्हणूनच ते तिच्या लक्षात राहिलं.

गाडीचं कव्हर ताईनंच शिवलं होतं. बाहेरून जाड कापड, आतून फ्लॅनेल. नवऱ्यानं ते उलटं करून बोटानं चाचपलं. शिवण आतल्या बाजूला येत होती. रंगावर चरा पडला असता. तिनं उसवून पुन्हा शिवलं. त्यानं पुन्हा चाचपलं. तिनं पुन्हा उसवलं. स्वतःच्या दुलईचं अस्तर तिनं आजवर लावलेलं नाही.

हे एकाच घरात घडलं असतं तर नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण देवानं या बहिणींना साडूंची जोडी बघून दिली होती.

धाकटीचा नवरा लिफ्टच्या कंपनीत विक्री अधिकारी आहे. त्याचीही गाडी चार दारांची, पण जपानी. पांढरी. चार सिलिंडर, टर्बो, चारही चाकांना ताकद, आणि मागे डिकीवर एवढा थोरला पंख. आडरानातल्या शर्यतींसाठी जन्मलेली जात. तीही आता बनत नाही. धाकटीचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. मागची बाल्कनी आणि तिला लागलेली खोली मोडून गाडीची सोय केली आहे. धाकटीची मुलगी होस्टेलवर राहते. सुटीत आली की हॉलमध्ये झोपते.

घरात या दोघांना नावानं कुणी हाक मारत नाही. एक जर्मन, दुसरा जपान. इतिहासात हे दोघे एका बाजूनं लढले होते. या घरात समोरासमोर होते.

"मागे ती इस्त्रीची फळी कशाला लावलीयस?" जर्मन विचारायचा.

"तुमच्या गाडीला पुढे चार डोळे आहेत भाऊ, तरी तुम्हाला पंख आणि फळी यातला फरक दिसेना?"

"अरे, आवाज ऐक तिचा. दमेकरी शिट्टी फुंकतोय असं वाटतं."

"आणि तुमची? ओल्या रस्त्यावर नेऊन दाखवा. बर्फावरचं वासरू परवडलं."

"ओल्या रस्त्यावर नेतोच कशाला मी?"

"तेच म्हणतोय मी. नेतच नाही तुम्ही."

"तू नेतोस?"

इथे जपान चहाचा कप उचलायचा.

बारशाला, लग्नाला, सांत्वनाला, कुठेही हे दोघे भेटले की दहा मिनिटांत चाकं आणि गिअर. एका मयताच्या घरी टायरच्या रबरावरून यांचा आवाज चढला. मृताची बायको रडायची थांबून बघत राहिली. वर्षानुवर्षं वाद चालला आणि निकाल कधी लागला नाही. निकाल लावायचा तर गाड्या चालवाव्या लागल्या असत्या.

मग आई पडली.

आई म्हणजे या दोन बहिणींची आई. जन्मभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आवाजावरून माणूस खोटं बोलतोय की खरं, हे ओळखायची. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. त्या इमारतीला लिफ्ट नाही. "जावई लिफ्ट विकतो आणि सासू पायऱ्या मोजते," असं ती चारचौघांत म्हणायची आणि स्वतःच हसायची. जिन्यातच पडली. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता जिना बंद. कायमचा. खालची खोली, शेजारी संडास, उंच पलंग, आणि वॉकर वळवायला मोकळी जागा.

दोन्ही बहिणींनी हे एकत्र ऐकलं. दोघींच्या डोळ्यांपुढे एकदम दोन खोल्या आल्या. एकीत निळसर राखाडी काहीतरी उभं होतं, दुसरीत पांढरं.

ताईच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. पहिला तासभर दोघे जावई सासूबद्दल फार चांगलं बोलले. दोघांच्याही मते त्या आईसारख्या होत्या. दोघांच्याही घरी त्यांचं स्वागतच होतं.

"प्रश्न फक्त जागेचा आहे," जर्मन म्हणाला.

"जागेचाच," जपान म्हणाला. बऱ्याच वर्षांत या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. शेवटचं नव्हे.

"गाडी बाहेर लावता येईल," ताई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं आईला बाहेर लावायला सांगितलं होतं.

"झाडाखाली?" नवऱ्यानं विचारलं. "चीक गळतो त्या झाडाचा. पक्षी आहेत. एका पावसाळ्यात सगळं संपेल. मग ती गाडी राहणार नाही, वापरलेली गाडी होईल."

"मग विका."

गॅसवर दूध उतू गेलं, तरी कुणी उठलं नाही.

तोडगा जपाननं काढला. विक्री खात्यातला माणूस, त्याला तोडगे सुचतात. "असं करू भाऊ. इतकी वर्षं नुसती तोंडाची वाफ दवडली. एकदा होऊनच जाऊ दे. दोन्ही गाड्या बाहेर काढू, एकमेकांच्या चालवू, खरी तुलना करू. ज्याची गाडी कमी पडेल, त्यानं ती विकायची. खोली रिकामी. आई त्याच्याकडे."

जर्मननं टेबलावर हात आपटला. "कबूल. आणि निकाल लागला की रडायचं नाही."

म्हणजे आई हा दंड ठरला. हरणाऱ्यानं भरायचा. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. ते हात मिळवत होते.

ताई ओट्याकडे वळली. धाकटी तिच्या मागे आली आणि नळ सोडून हळूच म्हणाली, "काही बोलू नकोस ताई. दोघांतल्या एकाला तरी हरावंच लागेल ना? आपल्याला काय, खोलीशी कारण."

ताईनं मान डोलावली. दोघी बहिणी शहाण्या होत्या, पण शेवटी त्याही याच घरात राहत होत्या. निर्लज्जपणाला तळ असतो अशी त्यांची समजूत होती.

दवाखान्यात ताईनं आईला सगळं सांगितलं. आईपासून लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं आवाजावरून ओळखलंच असतं.

"म्हणजे मी बक्षीस की शिक्षा?" आईनं विचारलं.

"शिक्षा."

आई हसली. हसताना कंबर दुखली, म्हणून थांबली. "बरं झालं सांगितलंस. उगाच नटूनथटून बसले असते." मग जरा वेळानं म्हणाली, "कुणाची हरेल गं?"

"माहीत नाही."

"तुझ्याकडची हरू दे. तुझ्याकडे खिडकी बरी आहे."

तुलनेला रविवार ठरला. त्याच दुपारी आईला घरी सोडणार होते. गावाबाहेर गोदामांचा रस्ता आहे, सुटीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. दोघे साडू नव्या शर्टात आले. जर्मननं गाडी चालवायचे पातळ तळव्यांचे बूट घातले होते. बहिणी मागून दुकानाच्या व्हॅनमधून आल्या. ही व्हॅन ताईच चालवते. उंच, ठोकळ्यासारखी, मागे पडद्यांचे रॉड आणि शिडी. जपाननं विचारलं, "ताई, तुम्हीपण स्पर्धेत का?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला.

आधी इंजिन. जर्मन गाडी सुरू झाली आणि ताईला कबूल करावं लागलं की आवाज सुंदर आहे. काटा चढत गेला तसा तो आवाज कापड एका ओढीत सरळ फाटावं तसा स्वच्छ होत गेला. गाडीचा काही दोष नव्हता. कुणीतरी मन लावून केलेली वस्तू होती ती. धावायला केलेली. तिला खोलीत कोंडून तिची ओल मोजत बसायला तिच्या कारागिरांनी सांगितलं नव्हतं.

जपान ती चालवून परत आला. उतरला, चष्मा पुसला. "आवाज... ठीक आहे."

"ठीक?"

"बरं, चांगला आहे. गिअरही लोण्यासारखा आहे. घ्या तो गुण, आणि उरावर घेऊन झोपा."

मग वळण. रस्त्याच्या टोकाला गोल होता. जर्मन जपानी गाडीत बसला, पंखाकडे नाक मुरडलं आणि गेला. गोलाला वेढा घालून आला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. चारही चाकांनी रस्ता दातात धरावा तशी ती गाडी वळली होती. तो थोडा वेळ उतरलाच नाही.

"काय भाऊ? वासरू कुठलं?"

"वळते," जर्मन म्हणाला. "वळायला वळते. आतून औषधाच्या खोक्यासारखी आहे. दार लावलं की पत्रा वाजतो."

"दार लावायला घेतलीय का गाडी? वळणाचा गुण माझा."

एकास एक झालं. दोघांनी कपाळ पुसलं. उरला मागच्या सीटचा आराम. शेवटी चार दारांची गाडी आहे, मागे माणूस बसतो, हे दोघांनाही मान्य होतं. पण न्याय कोण करणार? बायकांचा भरवसा नव्हता.

आणि इथे त्यांना ती कल्पना सुचली. माणसाला आयुष्यात एवढी वाईट कल्पना एकदाच सुचते. यांना दोघांना एकदम सुचली.

"आईंनाच तर आणायचंय आता," जर्मन म्हणाला.

"अर्धा रस्ता तुमच्यात, अर्धा माझ्यात!"

"पेट्रोल पंपावर बदलू."

"म्हणजे एकच माणूस, एकच दिवस, एकच रस्ता. याहून शास्त्रशुद्ध काय पाहिजे?"

ताईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी रडायच्या बेतात होती. "कमरेला टाके आहेत तिच्या," ताई म्हणाली. "व्हॅनची सीट उंच आहे. तिला व्हॅनमधून नेऊ."

"त्या टेम्पोतून?" नवरा कळवळून म्हणाला. "आईंना? लोक काय म्हणतील?"

दवाखान्यातल्या नर्सनंही बजावलं. सीट उंच पाहिजे. कंबर गुडघ्यांच्या खाली जाता कामा नये. जर्मननं मान डोलावली आणि मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं. आईची कंबर बुडू नये म्हणून नव्हे. दवाखान्याचे कपडे होते, सीटचं चामडं मूळ होतं.

"जाऊ दे गं," आई ताईच्या कानात म्हणाली. "होऊन जाऊ दे एकदाचं. खोली तर मिळेल."

आईला आत बसवायला बराच वेळ लागला. ती सीट खोल होती, मांडीवर घेतल्यासारखी. आई ओठ मिटून बसली. प्लास्टिक चरचरत होतं. जर्मन वाटेत एकदाच बोलला. "आवाज ऐकताय ना आई? सहा सिलिंडर." ताई व्हॅनमधून मागेमागे येत होती. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत तिला आईचं पांढरं डोकं दिसत होतं. प्रत्येक खड्ड्याला ते एकदा खाली जायचं आणि उशिरा वर यायचं.

पंपावर आईला उतरवलं, वॉकरवर उभं केलं, चार पावलं चालवलं आणि जपानी गाडीत बसवलं. पंपावरची माणसं नळ्या हातात धरून बघत राहिली. "आजींची गाडी बंद पडली का?" एकानं विचारलं. जपाननं आईला पंपामागच्या रस्त्यावरून एक चक्कर मारून आणलं, म्हणजे जर्मननं तिला आणलं तेवढंच अंतर व्हावं. ती गाडी कडक होती. खडा न् खडा आईला भेटून गेला.

गाडी थांबली. दोघे जावई खिडकीशी वाकले.

"आई," जपान म्हणाला, "अगदी खरं सांगा. कुणाचं मन राखू नका. कुठली बरी?"

आईचा चेहरा घामानं डबडबला होता. तिनं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"दोन्हीत सारखंच दुखलं," ती म्हणाली.

"सारखंच म्हणजे... अगदी सारखं?" जर्मननं विचारलं.

"हो रे बाबा. तसूभर फरक नाही."

दोघे सरळ उभे राहिले. एकमेकांकडे बघू लागले. आणि दोघांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी उजाडलं.

"म्हणजे बरोबरी," जपान हळूच म्हणाला.

"बरोबरी!" जर्मन मोठ्यानं म्हणाला. "मी म्हणतच होतो, दोन्ही गाड्या आपापल्या जागी थोर आहेत."

"अहो, तुलनाच चूक आहे मुळी. तुमची ती गाणारी, माझी ती लढणारी."

वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकांच्या टायरलाही चांगलं म्हटलं नव्हतं ते दोघे पेट्रोल पंपावर गळ्यात गळे घालून उभे होते. शेजारी गाडीत आई दार धरून श्वास घेत होती.

"मग आई कुठे जाणार?" ताईनं विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता की आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आईला तो आवाज कळला.

"अगं, हरलं कुणीच नाही ना," नवरा म्हणाला. "नियम तो नियम. आणि हल्ली चांगली ठिकाणं असतात. नर्स असते, सोबत असते, आपण भेटायला जाऊ."

"लिफ्टसुद्धा असते," जपान म्हणाला. "एका ठिकाणी तर आमच्याच कंपनीची आहे."

धाकटीनं तोंड उघडलं. ताईनं तिचा हात दाबला. इतकी वर्षं खिडक्या मोजणाऱ्या बाईला एक गोष्ट कळते. भिंत जिथे आहे तिथे आहे, तिच्याशी भांडून उपयोग नसतो. भोक कुठे आहे ते बघायचं. आणि तिला आत्ताच दिसलं होतं. दोन्ही गाड्या इथे, तिच्या डोळ्यांसमोर, पंपावर उभ्या होत्या. त्या इथे होत्या, म्हणजे तिथे नव्हत्या.

"बरं," ती म्हणाली. "आईला जरा व्हॅनमध्ये मोकळं बसवते. अवघडलीय ती. तुम्ही सावकाश या. धूळ बघा केवढी बसलीय. पंखावर तर थरच आहे."

दोघांनी चपापून आपापल्या गाडीकडे पाहिलं. जपाननं पंखावरून बोट फिरवलं आणि ते जर्मनला दाखवलं. जर्मननं डिकीतून मऊ फडकी काढली. एक त्यानं साडूला दिलं. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

त्यांच्या हातावर तुरी देऊन व्हॅन निघाली तेव्हा दोघे पाठमोरे वाकून दारं पुसत होते.

घरी आल्यावर ताईनं शटर वर केलं. खोली रिकामी होती. इतकी मोठी होती हे ती विसरूनच गेली होती. मोजायची गरज नव्हती. दवाखान्यातल्या त्या पहिल्या दिवसापासून ती मनात मोजत आली होती. पलंग या भिंतीला, वॉकर इथे वळेल, तिथून संडास चार पावलांवर. दोघी बहिणींनी वरची लोखंडी कॉट जिन्यावरून खाली आणली. धाकटीच्या बोटाला लागलं, ती शिव्या देत हसली. कॉट उंच व्हावी म्हणून पायांखाली मेणाचे भरलेले डबे ठेवले. परदेशी मेण, टणक डबे, हलले नाहीत. ब्रश आणि शांपू एका खोक्यात भरून बाहेर झाडाखाली ठेवले.

"ऑपरेशन केलं तिथेसुद्धा एवढं स्वच्छ नव्हतं गं," आई कॉटवर टेकत म्हणाली. "आणि हे काय घुरघुरतंय?"

"ओल ओढतं."

"माझ्यासाठी?"

"आता तुझ्यासाठी."

शटरचा पत्रा आईच्या डोळ्यांसमोर येत होता, आणि तळातल्या फटीतून वारा लागत होता. ताईनं व्हॅनमधून रॉड आणला, ड्रिल लावलं. कापड शोधावं लागलं नाही. कव्हर कोपऱ्यात घडी घालून ठेवलेलं होतं. तिनं कात्री चालवली. फ्लॅनेलची बाजू आईकडे केली. शिवण कुठेच टोचत नव्हती. दोनदा उसवून शिवलेली होती ती.

संध्याकाळी दोन्ही गाड्या आल्या. धुतलेल्या, लखलखीत. जपान साडूला पोचवायला आला होता. आता ते मित्र होते. जर्मननं शटरपुढे गाडी लावली आणि हॉर्न दिला. शटर उघडलं नाही. शेजारच्या दारातून ताई आली. गळ्यात टेप होती.

"शटर उघड ना."

"आई झोपलीय."

"कुठे?"

"खोलीत."

त्याला कळायला वेळ लागला. दुकानात गिऱ्हाईक काचेतून बघत राहतं आणि अक्षर दिसत नाही, तसा तो बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, पण बरोबरी झाली होती!"

मागे उभा जपान हसू दाबत होता. "भाऊ, गेली की हो तुमची..."

"बरोबरी म्हणजे बरोबरी," ताई म्हणाली. "सहा महिने इथे, सहा महिने धाकटीकडे. दोघांनाही सारखं. तसूभर फरक नाही."

जपानचं हसू होतं तिथेच वाळलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. धाकटी ताईमागे दारात उभी होती, बोटाला चिंधी बांधून.

"मी आजच खोली आवरायला घेतेय," ती म्हणाली. "सहा महिने काय, बघता बघता जातात. आई येईपर्यंत मुलगी झोपेल तिथे. तुम्ही घरी जाऊन गाडीला जागा बघा. आपल्याकडेही झाड आहे."

"मला कुणी विचारलं का?" जपान म्हणाला.

"आईला तरी कुणी विचारलं होतं?"

तो गाडीत बसला. टर्बोची शिट्टी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

जर्मन एकटा उरला. त्यानं झाडाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, झाडाखालच्या खोक्याकडे पाहिलं. ताईला वाटलं, आता तो ओरडेल. किंवा लाजेल. एवढ्या वर्षांच्या संसारात यांपैकी एक तरी व्हायला हरकत नव्हती.

"निदान कव्हर तरी दे," तो म्हणाला.

"ते आईच्या दाराला लावलंय."

"कापलंस?"

"कापलं."

तो गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या. थोड्या वेळानं झाडावर पाखरं परतू लागली तसा वायपर एकदा फिरला. आतून आईनं विचारलं, "बाहेर कोण आहे गं?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "गाडी आहे."

मग तिनं यंत्राखालची बादली काढली. ती भरली होती. रोजच्यासारखी ती बाहेरच्या कुंडीपाशी गेली. कुंडी आता गाडीच्या पुढच्या चाकाला लागून होती. काच चार बोटं खाली आली.

"जरा लांबून ओत," नवरा म्हणाला. "रिमवर उडेल."

ताईनं कुंडीतच ओतलं. थोडं उडालं.